तळ्यातला गणपती, पण तळं कुठंय? (सारसबागेच्या जमिनीविषयी)

चिंचबन

परवा भाचीला घेऊन सारसबागेत गेलो होतो. वय सात, वाढ मुंबईची, प्रश्न सगळे जमिनीवरचे. दर्शनाच्या रांगेत म्हणाली, "मामा, आजी याला तळ्यातला गणपती म्हणते ना? मग तळं कुठंय?" मी मामागिरी करत खालच्या पाण्यातली कमळं दाखवली. तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "हे तळं नाही. हे टाकं आहे. मोठं टाकं."

तेव्हापासून डोक्यात तेच. चाळीस वर्षं मी या बागेत येतोय. भेळ खाल्ली, पोरं खेळवली, एकदा नोकरी गेल्यावर अख्खी दुपार हिरवळीवर उताणा पडून काढली. पण मी तळ्याच्या तळाशी पडलोय हे काही तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

थोडक्यात हकिकत अशी. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ साली पुरं झालं. त्यानंतर नानासाहेब पेशव्यांनी टेकडीच्या पायथ्याशी तळं करायला घेतलं. आंबील ओढा अडवला आणि १७५३ च्या सुमारास सुमारे पंचवीस एकरांचं तळं तयार झालं. मधे एक उंचवटा मुद्दाम तसाच राखला. त्या बेटावर पुढे बाग झाली, ती सारसबाग. म्हणजे हे नाव मूळचं फक्त बेटाचं. आज आपण ज्याला सारसबाग म्हणतो त्यातला बराच भाग तेव्हा पाण्याखाली होता. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. बेटावर जायचं तर होडीतून, म्हणून तळ्यातला गणपती.

मग तळं गाळानं भरत गेलं, विसाव्या शतकात ते आटवून बुजवलं, त्यावर हिरवळ आली. नाव तेवढं ओलं राहिलं.

आता पुढच्या वेळी गेलात की एक करून बघा. दारातून आत शिरल्यावर आपण खोलगटात असतो. हिरवळ ओलांडून देवळाकडे गेलं की पायऱ्या चढाव्या लागतात. देवळासाठी जोतं उंच बांधलंय असं मला इतकी वर्षं वाटायचं. अहो, तो बेटाचा काठ आहे! आपण रोज तळातून चालत जाऊन बेटावर चढतो आणि खाली येऊन पावभाजी खातो.

हे सगळं पर्वतीवरून फार छान कळतं. वर जाऊन उत्तरेच्या कठड्याशी उभे राहा. खाली गर्द झाडांचा पट्टा, त्यात कळस, पलीकडे सणस मैदान, नेहरू स्टेडियम आणि स्वारगेटची गर्दी. डोळे बारीक करून त्या हिरव्या पट्ट्याच्या जागी पाणी घालून बघा. देवदेवेश्वराची सावली त्यात पडत असेल. मी दहा मिनिटं डोळे बारीक करून उभा होतो, शेजारच्या काकांनी "चक्कर येतेय का?" म्हणून पाणी दिलं.

इथे कुणाच्या घरात आजीआजोबांनी तळं पाण्यासकट पाहिल्याच्या आठवणी आहेत का? असतील तर लिहा. फोटो नको, फोटो मिळतात. आठवणी हव्यात.

---

दगडूशेठवरून_डावीकडे

मस्त धागा. पहिला नंबर माझा. वाचून येतो.

---

दगडूशेठवरून_डावीकडे

वाचलं. माझ्या पणजीची एकच गोष्ट घरात चालत आलीय. ती लहानपणी पर्वतीला जाताना तळ्याच्या कडेनं जायची आणि तिच्या आईची ताकीद असायची, "पाण्याकडे बघत चालू नको, पायाकडे बघ." चिखल आणि शेवाळ फार म्हणे. होडीबिडी काही नाही. कमळं होती, डास होते. पणजी डासांबद्दल जास्त बोलायची.

---

शंकासुर

माहितीपूर्ण लेख. एक शंका (आयडीला जागून).

सारसबागेबद्दल सगळीकडे एक गोष्ट सांगतात. पेशवे होडीत बसून तळ्यात खलबतं करायचे आणि होडी वल्हवायला मराठी न कळणारे हबशी ठेवलेले असायचे, म्हणजे गुप्त गोष्ट फुटायला नको. गोष्ट ऐकायला झकास आहे. पण ही खलबतं सवाई माधवरावांच्या नावावर सांगतात तेव्हा मला हसू येतं. त्यांचा जन्म १७७४ चा. गणपतीची स्थापना १७८४ ची. म्हणजे श्रीमंत दहा वर्षांचे! दहा वर्षांचं पोर होडीत बसून मोहिमा आखणार की पाण्यात हात घालून मासे पकडणार? खलबतं करणारे असतील तर ते कारभारी. नाना फडणवीसांना होडी लागते की नाही याची माहिती नाही.

---

चिंचबन

शंकासुर, हाहा. मान्य. ती गोष्ट मी म्हणूनच लेखात घेतली नव्हती. पण दहा वर्षांचे श्रीमंत हे ध्यानात आलं नव्हतं. भाचीला सांगायला हवं, "तुझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या मुलाच्या राज्यात हा गणपती बसला." ती विचारेल, त्याला शाळा नव्हती का.

---

सुमित्राचा_मित्र

श्रीमंतांना काय आवडायचं ते सांगतो. प्राणी! सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीच होता. हरणं, सिंह, गेंडा. त्या गेंड्याचं चित्र आजही आहे. शनिवारवाड्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकारानं चित्रशाळा चालायची, तिच्याशी जोडलेला आपला गंगाराम तांबट. त्यानं १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. चित्र आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. साखळीनं बांधलेला, अंगावरच्या घड्या चिलखतासारख्या. मी संगणकावर मोठं करून पाहिलंय. डोळा बघा त्याचा. कंटाळलेला आहे बिचारा.

आणि मग त्याच परिसरात १९५३ साली पेशवे पार्क झालं, पुन्हा प्राणीसंग्रहालय. माझं बालपण तिथलं. आयडीवरून कळलंच असेल, सुमित्रा हत्तीण माझी मैत्रीण. (तिला हे माहीत नव्हतं.) वडील गुळाची ढेप फोडून खिशात एक खडा द्यायचे. द्यायला परवानगी नसायची, म्हणून तो मीच खायचो.

फुलराणी, म्हणजे पार्कातली छोटी आगगाडी, १९५६ ची. तिकीट काढून रांगेत उभं राहायचं आणि शेवटच्या डब्याची जागा मिळावी म्हणून देव पाण्यात ठेवायचे, कारण वळणावर इंजीन दिसतं ते फक्त मागून. १९९९ ला प्राणी कात्रजला गेले. त्यांच्यासाठी चांगलंच झालं, तिथे जागा आहे, इथे पिंजरे पाहून आता लाज वाटेल. पण त्या वर्षी मी पार्कात गेलो तेव्हा वाघाच्या पिंजऱ्याचा वास तसाच होता. वाघ नव्हता. वास होता.

---

मृणाल_गं

सुमित्राचा_मित्र, शेवटच्या ओळीला दंडवत.

आणि कुणी स्वेटरबद्दल लिहिणार आहे की नाही? थंडी सुरू झाली की आमच्या बाप्पाला लोकरी स्वेटर आणि कानटोपी घालतात. पांढरीशुभ्र संगमरवरी मूर्ती, उजव्या सोंडेची, आणि त्यावर स्वेटर! बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्या. पुण्यात थंडी असते आणि देव पुण्यात राहतो. एवढं साधं आहे.

---

कोल्हापुरी_तांबडा

पुणेकरांचं कौतुक आहे बुवा. तळं बुजवून वर देऊळ दाखवतात आणि तळ्यातला गणपती म्हणतात. आमच्याकडे या. रंकाळा आहे जिवंत! संध्याकाळी चौपाटीला भेळ घेऊन कठड्यावर बसायचं, समोर शालिनी पॅलेस, डावीउजवीकडे पाणीच पाणी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की संध्यामठ वर येतो. आणि तो नंदी. रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, रंकाळ्यात पोचला की प्रलय. आमचा प्रलय तळ्यात आहे, तुमचा तर बुजवून टाकला.

अवांतर: जलपर्णीचा विषय कुणी काढू नये. घरचं भांडण आहे.

---

दगडूशेठवरून_डावीकडे

जलपर्णी.

---

कोल्हापुरी_तांबडा

आलाच. नावावरूनच कळलं होतं.

---

पाऊसमोजणी

कोल्हापूरकरांनी "तुमचा प्रलय बुजवून टाकला" असं गमतीत लिहिलंय, पण मला त्यावर गंभीरपणे लिहायचंय. थोडं लांबेल.

तळ्याला पाणी कुठून यायचं? आंबील ओढ्यातून. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. जुन्या पुण्याचा, म्हणजे कसब्याचा, नकाशा बघितला तर पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा अशा दोन पाण्यांमधे गाव वसलेलं दिसतं. पेशवाईत गाव पश्चिमेला वाढायला लागलं तेव्हा ओढा मधेच आडवा. पावसाळ्यात चढायचा. म्हणून पर्वतीपाशी तो अडवून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला. आज तो दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. म्हणजे तळं नुसतं शोभेचं नव्हतं. एका ओढ्याला वाट बदलायला लावायचं काम होतं ते. जिथून ओढा हलवला तिथे पेठा वाढल्या. आपल्यापैकी अर्ध्या लोकांचं "माहेर सदाशिवातलं" आहे ना, त्यात या ओढ्याचाही वाटा आहे.

कात्रजला बांध घालून भुयारी नळानं शहरातल्या हौदांत पाणी आणलं तेही नानासाहेबांच्याच काळात. पाण्याशी दोन वेगळे व्यवहार: एक पाणी गावात आणलं, एक गावाबाहेर घातलं.

आता तळं गेलं, पण ओढा गेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. मी तेव्हा अरण्येश्वर भागात भाड्यानं राहत होतो. संध्याकाळपासून पाऊस असा, की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. नऊनंतर खालून आरडाओरड. जिन्यात आलो तर पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढत होत्या, दिवे लागलेले, हॉर्न आपोआप वाजतायत. पाणी चहाच्या रंगाचं आणि त्याला गॅसच्या सिलिंडरचे आवाज, ठण् ठण्, भिंतींवर आपटत जाणारे. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाळ उपसताना घराघरांतून एकच वाक्य, "ओढा एवढा मोठा आहे हे माहीतच नव्हतं." माहीत कसं असणार? आपण त्याला नाला म्हणत होतो.

त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, पर्वतीच्या पायथ्याशी मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाकडची वस्ती पाण्यात गेली होती. ती गोष्ट वेगळी, कारण वेगळं. पाणी धावलं मात्र उताराला, जिथे पाणी नेहमी धावतं तिथेच.

तळं असतं तर २०१९ टळलं असतं असं मी म्हणत नाही. तळं प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पूर आला तो वर. पण ओढा अडवायचा तर त्याला पसरायला जागाही द्यावी लागते हे त्या माणसांना कळत होतं. पंचवीस एकर म्हणजे थोडी जागा नव्हे.

---

निवांत९

पाऊसमोजणी, फार चांगला प्रतिसाद. सिलिंडरचा आवाज आम्हीही ऐकलाय. अजून अंगावर काटा येतो.

---

खडीसाखर

थोडा विरोधी सूर लावते. मला या "तळं बुजवलं, हाय हाय" प्रकाराचा कंटाळा येतो. गाळानं भरलेलं, साचलेलं, डासांचं पाणी भर वस्तीशेजारी कुणाला हवं होतं? वर पणजींची साक्ष आहेच. श्रीमंतांच्या होड्या श्रीमंतांसाठी होत्या. आज त्या तळावर कोण बसतं? दुपारी डबा खाणारे हमाल, दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून पुस्तक घेऊन आलेली पोरं, लग्न ठरवायला आलेली दोन कुटुंबं (हमखास दिसतात, मुलगा घामाघूम असतो). ही बाग पेशव्यांपेक्षा यांच्या जास्त उपयोगी पडली.

आणि तळं "नानासाहेबांनी बांधलं" म्हणजे काय? माती कुणी वाहिली?

---

शंकासुर

खडीसाखर, त्याचीही एक गोष्ट आहे. काम रेंगाळलंय हे पाहून नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरले आणि दगड उचलू लागले. मग बरोबरच्या सरदारांनाही लाजेकाजेस्तव उतरावं लागलं. खरी असो नसो, सांगणाऱ्यानं त्यात पेशव्यांनी उचललेला दगड लक्षात ठेवलाय. बाकीच्यांनी दोन-तीन वर्षं उचलले त्याची गोष्ट नाही. तुमचा मुद्दा त्याच गोष्टीत आहे.

---

चिंचबन

खडीसाखर, हाय हाय करायचा हेतू नव्हता. नोकरी गेली त्या दुपारी ती हिरवळ नसती तर मी कुठे गेलो असतो कोण जाणे. तळ्याकाठी बसलो असतो तर बहुतेक घरच्यांना जास्त काळजी वाटली असती.

मला एवढंच म्हणायचंय की तळ आहे हे माहीत असावं. देवळाच्या पायऱ्या चढताना कळावं की बेटावर चढतोय. एखादी साधी पाटी, "इथपर्यंत पाणी होतं" अशी, हिरवळीच्या कडेला लावली तरी पुरे. मंदिरात गणपतीच्या मूर्तींचं छोटं संग्रहालय आहे, शेकडो मूर्ती आहेत, तिथे तळ्याचा एक मोठा नकाशा लावायला काय हरकत आहे?

---

सुमित्राचा_मित्र

पाटीला पाठिंबा. पुण्यात पाटीला नाही कोण म्हणेल. मजकूर मात्र आधीच ठरवून ठेवा, नाहीतर "येथे पाणी होते. आता नाही. चौकशी करू नये." असं लिहितील.

---

टेम्पीकर

अॅरिझोनातून वाचतोय. आमच्या घराजवळचं तळं माणसांनी कोरड्या नदीपात्रात पाणी अडवून केलंय, भोवती बाग, चालायचा रस्ता. तुमच्याकडे पाणी काढून बाग केली, आमच्याकडे पात्रात पाणी घालून.

मला सारसबाग म्हणजे १९९६ चा २९ फेब्रुवारी. शेजारच्या नेहरू स्टेडियमवर वर्ल्ड कपची मॅच, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. तिकीट काढायचे पैसे नव्हते. मी आणि मित्र हिरवळीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलो. केनिया १६६ ला गारद, म्हणून आम्ही कंटाळून भेळ आणायला गेलो. आणि मग लारा गेला! स्टेडियममधून जो आवाज आला तो आधी कानाला आणि मग रेडिओतून, अर्धा सेकंद मागे. ९३ ला ऑल आउट. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, केनियासाठी! तळाचा भाग असल्यामुळे आवाज घुमतो का हो? मला तरी तसं वाटलं होतं.

---

पाऊसमोजणी

टेम्पीकर, आवाजाचं माहीत नाही. थंडीचं मात्र आहे. डिसेंबरात पहाटे बागेत उतरलं की वरच्या रस्त्यापेक्षा गार लागतं. थंड हवा खोलगटात साठते. बाप्पाच्या स्वेटरला भूगोलाचा आधार आहे म्हणायचा. पण तो तर उंचवट्यावर बसतो, त्यामुळे खरं तर स्वेटर हिरवळीवरच्या लोकांना हवा.

---

मृणाल_गं

दिवाळी पाडव्याच्या पहाटेला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. कानटोपी हिरवळीवर, देव वर निवांत. तसंही त्या दिवशी एवढी गर्दी असते की थंडी आत शिरायला जागा नसते.

---

कोल्हापुरी_तांबडा

मागच्या आठवड्यात कामासाठी पुण्यात होतो. धागा डोक्यात होता म्हणून गेलो सारसबागेत. आधी पर्वतीवर चढलो. (नानासाहेबांचा शेवट तिथेच झाला, पानिपतानंतर, १७६१ च्या जूनमध्ये. ज्या कठड्यावरून तुम्ही डोळे बारीक करता, तिथून त्यांना आपलंच तळं दिसत असणार. हे कुणी लिहिलं नाही वर.) मग खाली आलो. उतार बघितला, पायऱ्या चढलो. पटलं. बेट आहे.

रंकाळ्याची सर नाही. पण बेट आहे.

---

दगडूशेठवरून_डावीकडे

कोल्हापूरकरांकडून एवढं मिळालं म्हणजे धागा सार्थकी लागला. जलपर्णी मागे घेतो.

---

निवांत९

उशिरा आलेय, पण सांगायचंच होतं. सासूबाई ८३ वर्षांच्या, गुडघे गेलेले. काल संकष्टी नव्हती, गर्दी कमी म्हणून त्यांना सारसबागेत नेलं. रिक्षात बसल्या बसल्या त्यांना हा धागा वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. आत गेल्यावर पायऱ्यांपाशी थांबल्या, वर बघितलं, कठड्याला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तू जाऊन ये बेटावर. मी काठावर बसते."

मी वर जाऊन, प्रदक्षिणा घालून, प्रसाद घेऊन आले तर त्यांच्या शेजारी एक अनोळखी बाई बसलेली आणि सासूबाई तिला ओढा कुठून वळवला ते हातवारे करून सांगत होत्या. दिशा पूर्ण चुकीची. मी काही बोलले नाही.

---

चिंचबन

निवांत९, सासूबाईंना नमस्कार सांगा. दिशा कुठली दाखवली त्यांनी?

---

निवांत९

स्वारगेटकडे. बसस्टँडातून ओढा नेला.